मारतो की मारतात

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढंही नाही — देवापुढं तर मुळीच नाही, तिथं मी घाईघाईनं सगळ्यांच्या तब्येतीचं मागते आणि उठते. आज सांगते आहे ते धीर आला म्हणून नव्हे. भीती वाटते म्हणून. येत्या रविवारी दोन माणसं एकमेकांना भेटणार आहेत, आणि त्या भेटीची मला अशी धास्ती बसली आहे की हातातली वस्तू हातात राहत नाही. परवा दुधाचं पातेलं सुटलं. नवरा म्हणाला, साखर वाढली असेल, रक्त तपासून घे. साखर! वाढली असती तर बरं झालं असतं, गोळी तरी घेतली असती.

मला सगळे बाई म्हणतात. साताऱ्याला शाळेत होते, पाचवी-सहावीला मराठी शिकवायचे. जिभेची तिखट, पोरं टरकून असायची. नोकरी मुदतीआधी सोडली आणि या कामात पडले. काम असं — ज्या पोरांना घरात मारलं जातं, उपाशी ठेवलं जातं, टाकून दिलं जातं, त्यांची प्रकरणं कोर्टात किंवा बालकल्याण समितीपुढं चालतात तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला एक माणूस द्यायचं. वकील नव्हे, पोलीस नव्हे, नातेवाईक तर नव्हेच. फक्त त्या पोराचं माणूस. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत तेच. पोराला काय म्हणायचं आहे ते साहेबांपर्यंत नीट पोचतंय का, एवढं त्यानं बघायचं. आम्ही त्यांना सोबती म्हणतो. सोबत्यांना शिकवताना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट घोकून घेते — पोराच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत.

अजूनही तेच शिकवते. त्याच तोंडानं.

हे सुचलं कसं, ते सांगते. साताऱ्याच्या कोर्टात शाळेच्या कुठल्याशा कामाला गेले होते. व्हरांड्यात एक बाकडं, त्यावर एक लहान पोर, आणि तिला लागून तोच माणूस बसलेला, ज्याच्याविरुद्ध ती सांगायला आली होती. का? तर दुसरं बाकडं नव्हतं म्हणून! घरी आले तरी डोळ्यापुढून जाईना. मग चार मैत्रिणी जमवल्या, एका निवृत्त वकिलांना गळ घातली, शिकलो, समितीची परवानगी काढली. साताऱ्यात जम बसला. सांगलीहून बोलावणं आलं, तिथंही गरज होती — पण पैसा? लोक देवळाला देतात, जत्रेतल्या कुस्त्यांना देतात. कोर्टाचं नाव काढलं की आम्हालाच ऐकवायचे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये बाई. पन्नास दुकानांतून हात हलवत परत आलो असू.

आणि मग अण्णा भेटले.

सांगलीत हळदीचा मोठा व्यापार. खरं नाव वेगळं, पण मार्केट यार्डात हमालापासून अडत्यापर्यंत सगळे अण्णाच म्हणायचे, आम्हीही. धोतर नाही, सोनं नाही, साधा पांढरा शर्ट. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शहाण्यानं चढू नये हे खरं. पर पोरं कुठं शहाणी असत्यात बाई? त्यांना चढायलाच लागती." काय सांगू, मला रडूच आलं. त्यांनी यार्डात खोली दिली, सोबत्यांचा गाडीखर्च उचलला, शिबिरांची जेवणं दिली. वर कधी हिशोब मागितला नाही की भिंतीवर फोटो लावा म्हणाले नाहीत. मी सगळीकडं सांगत सुटले — माणूस असावा तर असा.

थांबा. मी कडेकडेनं फिरते आहे, मला कळतंय. अण्णांचं चांगलं सांगितलं की माझं वाईट थोडं हलकं होईल, असं कुठंतरी वाटतंय. नाही होत.

जत तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीजवळचं एक कुटुंब. मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर. घरात कानडी, बाहेर मराठी. धाकटी मुलगी आठेक वर्षांची — तिला इथं कस्तुरी म्हणते, खरं नाव कायद्यानं सांगता येत नाही. मेंढरांमागं तिची शाळा बुडते म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं तिला अण्णांच्या घरी ठेवली. शिकेल, दोन घास खाईल, हाताखाली थोडं काम करेल. थोरला भाऊ बिरू, सोळाचा, त्याच यार्डात चहाच्या गाड्यावर कामाला. एके दिवशी तो बहिणीला भेटायला त्या घरी गेला. डोळ्याखाली काळंनिळं, दंडावर वळ. शाळेत नाव घातलेलंच नव्हतं. त्यानं कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही — सकाळी तिचा हात धरला आणि थेट जतच्या गाडीला. पण गाडी सुटायच्या आत पोलीस आले. अण्णांच्या घरातून तक्रार गेली होती की यार्डातल्या पोरानं मुलगी पळवली, आणि हा आधीपासून तिला मारतो.

पोरगा ओरडून सांगत होता, त्या घरात मारत्यात तिला. कोण ऐकणार? चहावाल्याचं पोरगं एकीकडं आणि अण्णा एकीकडं! मुलीला बालगृहात ठेवलं आणि प्रकरण समितीपुढं आलं. मुलगी काय सांगते त्यावर सगळं ठरायचं होतं. मुलगी मराठीत तोंड उघडेना. मग सोबती कोण? कानडी येणारी आमच्यात मी एकटी. माझं आजोळ जतकडचं, आई मरेपर्यंत कानडीतच रागवायची. साताऱ्याहून मी निघाले.

बालगृहाच्या पडवीत आम्ही दोघी बसलो. मी कानडीत तिला जेवलीस का विचारलं आणि पोर एकदम माझ्याकडं सरकली. तिची भाषा तिला किती दिवसांनी ऐकू आली असेल! बऱ्याच वेळानं, खाली बघत, हळूच म्हणाली — "अण्णा होडीतार."

आता हे नीट ऐका, सगळं इथंच आहे. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. हे खरं आहे, कुणालाही विचारा. पण 'होडीतान' म्हणजे मारतो, आणि 'होडीतार' म्हणजे मारतात. मान देऊन. मोठ्या माणसाबद्दल, परक्या घरच्या मालकाबद्दल बोलतात तसं. भावाबद्दल ती सरळ बोलायची — बिरू आला, बिरूनं मला आणलं, बिरूनं गाडीत खायला शेंगा घेतल्या. त्याला अण्णा तर नाहीच, अहोजाहोही नाही. ज्यानं मारलं त्याला ती मान देत होती. अण्णा मारतात. आदरार्थी बहुवचन — अहो, मी आयुष्यभर फळ्यावर हेच लिहिलं!

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. पुढं मी कुणाला म्हणाले असेन की तेव्हा गोंधळ होता, नीट समजलं नाही — तर ते खोटं आहे.

मुलीला जवळ घेतली खरी, पण मन तिच्याजवळ नव्हतं. मन यार्डातल्या खोलीत होतं. नुकती नवी तुकडी शिकून तयार झाली होती, कितीतरी पोरांच्या तारखा लागलेल्या होत्या. अण्णांचं नाव निघालं तर खोली जाईल, गाडीखर्च जाईल, आणि सगळा जिल्हा म्हणेल, ज्यानं दिलं त्याच्यावरच उलटल्या बाया. हे झालं मोठं-मोठं बोलणं. खाली आणखी एक होतं — साधी भीती. त्या माणसाची. तो मला काय करेल? काहीच सांगता येईना, आणि म्हणूनच जास्त भीती.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी आष्ट्याच्या स्टँडवर चहा घेत होते तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, मऊ. "बाई, पोर कानडी हाय. काय बोलती ते तुमीच नीट समजून सांगा. आमचा तुमच्यावर भरवसा हाय." बस्, एवढंच. धमकी नाही, अट नाही. पुढं सोबत्यांच्या जेवणाचं विचारलं आणि ठेवला. तेव्हा मी तिथून मागं फिरले असते तर? दुसरं कुणी कानडी जाणणारं आणा म्हणाले असते तर? नाही फिरले. सांगलीची गाडी लागली, मी चढले.

समितीची खोली लहान. टेबलापलीकडं अध्यक्ष आणि सदस्य, अलीकडं मी आणि मला चिकटून कस्तुरी. बिरूला बाहेर बसवलेलं, एका शिपायाजवळ. अण्णा आले नव्हते, ते कशाला येतील. अध्यक्षांनी मायेनं विचारलं, बाळ, तुला कोण मारतं? मी कानडीत विचारलं. पोरीनं माझा पदर धरला आणि तेच सांगितलं, स्पष्ट. अण्णा होडीतार.

'अण्णा' सगळ्यांना कळलं. अध्यक्ष माझ्याकडं बघून म्हणाले, "अण्णा म्हणजे? आपले अण्णा?"

जीभ — माझी तिखट जीभ, जिला कधी कुणाची भीड पडली नाही — ती सुरळीत चालली. मी म्हणाले, "ती म्हणते, अण्णा मारतो. कानडीत थोरल्या भावाला अण्णा म्हणतात."

झालं. 'तात'चा 'तो' केला. एवढंसं. मी पोरीच्या तोंडात शब्द घातला नव्हता, शब्द तिचाच होता. अर्थ माझा घातला. समोर सगळ्यांनी श्वास सोडला, मला ऐकू आला. कुणाला ते दुसरं ऐकायचंच नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं होतं — पण सोय मी करून दिली.

कस्तुरीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या घरात राहून तिला मराठी किती कळायला लागलं होतं? मारतो आणि मारतात यातला फरक कळत होता का? आज इतक्या वर्षांनीही मला हे ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की तिनं माझा पदर सोडला, आणि त्यानंतर ती माझ्याशी कधीही कानडीत बोलली नाही.

बिरूला आत बोलावून सांगितलं की बहिणीनं तुझं नाव घेतलंय. मला वाटलं होतं ओरडेल, शिव्या देईल. तो तिच्याकडं बघत राहिला फक्त. पुढं बाल न्याय मंडळ, निरीक्षणगृह, कितीतरी महिने. गावात बातमी गेली. आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

मी माझ्या मनाला एक समजूत घातली होती. त्याच दिवशी मी समितीला भांडून-भांडून सांगितलं की मुलीला त्या घरी परत पाठवू नका, सांगलीतच ठेवू नका, साताऱ्याकडच्या बालगृहात द्या. आई-बाप मेंढरांमागं फिरतीवर, आणि तिथं बिरूही येणार, म्हणून घरीही धाडली नाही; त्यांनी माझं ऐकलं. म्हणजे बघा, पोर तर वाचली ना? असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले. पण वाचवली होती ती बिरूनं, मी नव्हे. आणि वाचवल्याबद्दल मी त्यालाच आत घातलं.

नंतर अण्णा खोलीवर आले. नव्या सोबत्यांशी बोलले, चहा घेतला. जाताना दारात थांबून मला एकटीला म्हणाले, "बाई, तुमची कानडी चांगली हाय हं." आणि हसले. म्हणजे त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी मला कौतुकानं बांधून टाकलं. तेव्हापासून त्यांचा फोन वाजला की अजूनही मी पहिल्याच रिंगला उचलते. ते अजून आहेत. अजून देतात. मी अजून घेते.

त्यांच्या घरी पुन्हा कुणाची पोर ठेवली का? विचाराल तुम्ही, विचारायलाच पाहिजे. मला माहीत नाही. पूर्वी बैठका त्यांच्या घरी व्हायच्या. त्या प्रकरणानंतर मी काहीतरी निमित्त काढून बैठका यार्डातल्या खोलीवर आणल्या. स्वयंपाकघरातून पाणी घेऊन कोण येतं, ते बघायला लागू नये म्हणून.

आणि हेही सांगून टाकते, इथवर आलेच आहे तर. बिरू सुटून आला, मोठा झाला, बहिणीला भेटू द्या म्हणून अर्ज करायचा. दरवेळी माझं मत घ्यायचे — सोबती म्हणून. दरवेळी मी म्हणाले, मुलगी अजून घाबरते, इतक्यात नको. मुलगी घाबरत नव्हती. ती त्याची वाट बघत होती की नाही, हेही मी तिला कधी विचारलं नाही. दोघं भेटली असती, बोलली असती, आणि दोन वाक्यांत माझं बिंग फुटलं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. त्या चांदण्यापायी मी भावाबहिणीला इतकी वर्षं लांब ठेवलं.

गेल्या उन्हाळ्यात जतला एका शाळेत आमचं शिबिर होतं. बाहेर पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, बाया कळशा घेऊन धावल्या. ड्रायव्हर खाली उतरला आणि थेट माझ्याकडं आला. मी आधी ओळखलं नाही. दाढी, रापलेला चेहरा. ओळखलं तेव्हा पळून जावंसं वाटलं, खरं सांगते. मागं भिंत होती. मला वाटलं, आता हा चारचौघांत विचारणार. तो वाकला आणि माझ्या पायाला हात लावला.

म्हणाला, "बाई, तुमी हुता म्हणून ती त्या घरात माघारी गेली न्हाई. लय उपकार हायेत."

मी काहीबाही पुटपुटले. त्याची चौकशी केली, आईची केली. आईनं आता बोलणं धरलंय म्हणाला, मेंढरं विकली, थोडं रान आहे. मग कळशांकडं बघत सावकाश बोलला. "आवं, बारकी हुती ती. भ्याली आसंल, कुणी शिकवलं आसंल, घेतलं माझं नाव. आदी लय राग हुता. रातच्याला झोप लागायची न्हाई, मी हिच्यासाठी काय केलं आन् ही काय बोलली. आता न्हाई. मी कवाच माफ केलंय तिला. भेटली की सांगनार हाय."

सांगायची वेळ तीच होती. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आजूबाजूला ऐकणारं कुणी नव्हतं, सगळ्या बाया पाण्याला गेलेल्या. एवढंच म्हणायचं होतं — तिनं तुझं नाव घेतलंच नाही रं बाळा, ते मी घेतलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं केलंस."

कस्तुरीला आता अठरा पूर्ण झाली. बालगृहातून तिला जाऊ देणार आहेत. रविवारी तिला जतला पोचवायचं आहे, आणि पोचवायला सोबती म्हणून मीच जाणार आहे, शेवटची खेप. बिरू स्टँडवर येणार आहे. आईनं त्याला सांगितलंय, बहिणीपाशी पहिल्या दिवशीच मनातलं बोलून टाक, मनात ठेवू नको. तो बोलेल. चारचौघांत, तिथंच स्टँडवर, तो तिला म्हणेल की मी तुला माफ केलंय. तिला आधी कळणारच नाही कशाबद्दल. मग ती विचारेल. मी शेजारी उभी असेन.